उशिराचा मान, खरी तारीख

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर एखादा कोर्स दोन-तीन वर्षे चालू असतो. विद्यार्थी येतात, चाचण्या देतात, असाइनमेंट जमा करतात, पास होऊन निघून जातात. मग एखाद्या जूनमध्ये विभागात ठरते, की यंदापासून बॅज द्यायचे. कोणी प्राध्यापक वेळ काढून बॅज तयार करतात, त्याचे चित्र चढवतात, निकष घालतात: पाचही चाचण्या उत्तीर्ण आणि प्रकल्प जमा. शेवटी बॅज चालू करायला गेले की मूडल एक सूचना पुढे करते. तिचा आशय असा, की हा बॅज आता विद्यार्थ्यांना दिसू लागेल. काहींनी त्याचे निकष आधीच पूर्ण केलेले असू शकतात, त्यांना तो लगेच मिळेल. आणि एकदा तो कोणाला मिळाला, की निकष आणि मुदत यांना कुलूप लागेल.

कामाच्या गडबडीत ही सूचना सहसा कोणी वाचत नाही. ती वाचायला हवी. त्या क्षणी एक मोठा निर्णय होत असतो. जे काम झाले तेव्हा त्याला बक्षीस नव्हते, त्या कामाला आज मान द्यायचा का, कोणाकोणाला द्यायचा आणि कोणत्या तारखेचा द्यायचा, हे ठरत असते. असे निर्णय शिक्षकाने विचार करून घ्यायचे असतात. आपण ते सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळे होतो. मागे झालेल्या शिक्षणाला पूर्वलक्षी प्रभावाने बॅज आणि पॉइंट्स देणे हा या पुस्तिकेचा विषय आहे, आणि तो केवळ मूडल सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

सूचनेला होकार दिल्यावर आत काय होते ते नीट पाहू. बॅज एका कोर्सपुरता असेल, तर त्या कोर्समध्ये आज ज्यांची नोंदणी सक्रिय आहे त्यांनाच मूडल तपासते. ज्यांची नोंदणी संपली, थांबवली गेली किंवा काढून टाकली, ते विद्यार्थी या तपासणीत येतच नाहीत. म्हणजे मागच्या मार्चमध्ये सगळे काम चोख करून बाहेर पडलेली तुकडी वगळली जाते. त्याच तुकडीतला एखादा विद्यार्थी प्रशासकाच्या विसरण्यामुळे अजून यादीत राहिला असेल, तर त्याला मात्र बॅज मिळतो आणि तसा ईमेलही जातो. तो आपल्या मित्रांना दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी विभागात फोन येऊ लागतात: “मॅडम, पाचही चाचण्या आम्ही पण दिल्या होत्या की. मग आम्हाला का नाही?” या प्रश्नाला ‘सिस्टिमने असे केले’ हे उत्तर पुरत नाही.

ज्यांना तपासले जाते त्यांचीही तपासणी सारखी होत नाही. एखादा धडा वा चाचणी ‘पूर्ण’ धरण्याची अट गुणांवर बांधलेली असेल, तर जुने गुण गुणपत्रकात असतातच. मूडल ते पाहून मागचा हिशेब लावू शकते. अट ‘पान उघडून पाहिले’ एवढीच असेल, तर पाहिल्याची नोंद पूर्णत्वाचा मागोवा सुरू केल्यापासूनच घेतली जाते. त्याआधी ज्या मुलीने तो धडा रात्री जागून चार वेळा वाचला, तिचा रकाना रिकामा राहतो. बाहेरून मात्र सगळे एकाच नियमाने चालले आहे असे दिसते.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या घरांना पूर्वलक्षी प्रभाव म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रातल्या राज्य कर्मचाऱ्यांना प्रत्यक्षात मिळू लागला १ जानेवारी २०१९ पासून. वाढ मात्र धरली गेली १ जानेवारी २०१६ पासून, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचे ठरले. पदोन्नती उशिरा मिळाली तर कर्मचारी मानीव दिनांक मागतो. हक्क कधीपासूनचा आणि आदेश कधीचा, या दोन तारखा आस्थापना विभागातला लिपिक वेगवेगळ्या लिहितो. त्या एक करून टाकण्याचे त्याच्या मनातही येत नाही. शिक्षणाच्या बॅजमध्ये आपण नेमकी हीच काळजी घेत नाही.

बॅजचा इतिहास फार जुना नाही. २०११ मध्ये मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीने ओपन बॅजेसची कल्पना पुढे आणली. २०१३ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मूडलच्या २.५ या आवृत्तीत बॅजची सोय झाली. २०१७ पासून या मानकाची देखभाल आयएमएस ग्लोबल करू लागली. आज या संस्थेचे नाव वन-एडटेक आहे. कल्पना साधी आहे. बॅज हे नुसते चित्र नसते. त्या चित्राच्या फाइलमध्येच माहिती भरलेली असते: कोणी दिला, कोणाला दिला, निकष काय होते, पुरावा कुठे आहे, कधी दिला, कधी संपतो. विद्यार्थी ती फाइल घेऊन कुठेही जावो, महाविद्यालयाचा शिक्का तिच्यासोबत जातो. म्हणून आत लिहिलेली तारीख खरी असणे महत्त्वाचे.

आता हा उशिराचा मान द्यावाच का, हा मूळ प्रश्न. काही शिक्षक ठामपणे नाही म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की बॅज हा प्रोत्साहनासाठी असतो. जे शिकून गेले त्यांना आता कशाचे प्रोत्साहन द्यायचे? मला हा युक्तिवाद मान्य नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठी नाशिकमध्ये जन्मलेल्या एका बाईंची हकिकत सांगायला हवी.

कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई इलाख्यातल्या पदवी परीक्षेत अव्वल ठरल्या. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. त्यांना ती मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी पैसे उभे केले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, आणि १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसल्या. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा झाली, पदवी नाही. स्त्रियांनी परीक्षा द्यावी, पण पदवी घेऊ नये, असा तिथला नियम होता.

हा नियम १९२० मध्ये बदलला. ऑक्टोबर १९२० पासून ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले, आणि जुन्या विद्यार्थिनींनाही येऊन आपली राहिलेली पदवी घेण्याची मुभा दिली. कॉर्नेलिया सोराबजींनी ती घेतली १९२२ मध्ये. परीक्षेनंतर तीस वर्षांनी. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते, आणि त्या वयात त्यांना अभ्यासाचे प्रोत्साहन द्यायचे होते असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात त्यांनी पडद्यातल्या, वारसाहक्काच्या भांडणांत सापडलेल्या असंख्य स्त्रियांची बाजू सांभाळली होती. पण वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याची वाट त्यांना दीर्घकाळ बंद होती. भारतात स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला करणारा कायदा झाला १९२३ मध्ये. उशिराची पदवी त्या तीस वर्षांची भरपाई करू शकत नव्हती. तरी ती देणे योग्यच होते, आणि त्यांनी ती जाऊन घेतली यातच तिचे मोल कळते. ज्ञान १८९२ चे, पदवी १९२२ ची: त्यांच्या चरित्रात ही दोन्ही साले येतात, आणि दोन्ही यायलाच हवीत. नुसते १९२२ लिहिले तर कॉर्नेलिया सोराबजींवर अन्याय होतो. नुसते १८९२ लिहिले तर ऑक्सफर्डचा अन्याय झाकला जातो.

केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडू दिले, आणि त्याआधी शिकून गेलेल्या, आता वृद्ध झालेल्या शेकडो विद्यार्थिनींचा सन्मान केला थेट १९९८ मध्ये. त्या समारंभाला आलेल्यांना तो कागद कुठल्या नोकरीसाठी दाखवायचा नव्हता.

पदवी आणि मूडलवरचा बॅज यांची बरोबरी मी करत नाही. एका छोट्या ऑनलाइन कोर्सचा बॅज ही लहान गोष्ट आहे. तरी तत्त्व तेच राहते: संस्थेचा नियम आज बदलला, काम कालच झाले होते, आणि काम तेच आहे. ज्याने ते केले त्याला ‘तू लवकर आलास’ म्हणून रिकाम्या हाती पाठवणे बरोबर नाही.

मान मागून द्यायचा तर नोंद लागते. या बाबतीत क्रिकेटचे उदाहरण फार बोलके आहे. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला लिलीव्हाइटच्या इंग्लिश संघाशी जो सामना झाला, त्याला आपण आज पहिली कसोटी म्हणतो. खेळणाऱ्यांना ते माहीत नव्हते. कोणते जुने सामने कसोटी धरायचे, याची यादी ॲडलेडचे पत्रकार क्लॅरेन्स मूडी यांनी १८९४ मध्ये छापली, आणि पुढे साधारण तीच प्रमाण ठरली. चार्ल्स बॅनरमनच्या १६५ धावांना, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी एकट्याच्या १६५ धावांना, कसोटीतल्या पहिल्या शतकाचा मान मिळाला तो असा मागाहून. मूडींना एकही धाव नव्याने मांडावी लागली नाही. धावपुस्तक सतरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते, म्हणून हे शक्य झाले.

आपल्याकडचे धावपुस्तक दर जूनमध्ये पुसले जाते. मी अतिशयोक्ती करत नाही. अनेक महाविद्यालयांत नव्या वर्षाची सुरुवात म्हणजे जुना कोर्स ‘रिसेट’ करणे. धडे तेच, पण मागच्या तुकडीची नोंदणी, गुण, चाचण्यांचे प्रयत्न आणि पूर्णत्वाच्या खुणा सगळे एका फटक्यात जाते. सर्व्हरवर जागा हवी म्हणून लॉगही ठरावीक दिवसांनी कापले जातात. मग दोन वर्षांनी कोणाला बॅज द्यायची चांगली बुद्धी झाली, तरी द्यायचा कशाच्या आधारावर? कोर्स रिसेट करण्याऐवजी त्याची नवी प्रत काढावी आणि जुना कोर्स विद्यार्थ्यांसह लपवून ठेवावा, हा उपाय फार सोपा आहे. त्याला खर्च नाही, लागते ती फक्त शिस्त.

पूर्णत्वाच्या अटींची उलथापालथ हा दुसरा धोका. सत्राच्या मध्येच एखाद्या शिक्षकाला वाटते की अट थोडी कडक करावी. मूडल सांगते की काही विद्यार्थ्यांनी हे आधीच पूर्ण केले आहे, म्हणून अटींना कुलूप आहे. कुलूप काढलेत तर आधीच्या खुणा पुसल्या जातील. घाईत कुलूप काढले जाते. ज्याने स्वतः खूण करून काम पूर्ण दाखवले होते, त्याची ती खूण पुन्हा हिशेब करून परत आणता येत नाही. मागून द्यायच्या मानाचा पाया अशा वेळी शिक्षकाच्याच हाताने निखळतो.

नोंदीविषयीची सर्वांत अवघड गोष्ट मात्र याहून वेगळी आहे. जिथे नोंद आहे तिथेच मान द्यायचा, हा नियम ऐकायला निष्पक्ष वाटतो. २०२०-२१ चे वर्ष आठवा. टाळेबंदीत कॉलेजे बंद, शिक्षण मोबाइलवर. ज्याच्या घरी वायफाय आणि लॅपटॉप होता त्याची प्रत्येक हालचाल मूडलमध्ये नोंदली गेली. ज्याच्या गावात रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागत होते, त्याने वहीत उत्तरे लिहून फोटो काढले आणि सरांच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन भावंडांत एकच फोन असेल तर एकाच्या खात्यातून दुसऱ्याने धडे पाहिले. यांपैकी कोणाचेही काम कमी दर्जाचे नव्हते. लॉग मात्र बोलतात ते पहिल्याच्याच बाजूने. लॉगच्या आधारे मागून बॅज वाटले, तर ज्यांच्याकडे साधने होती त्यांना तो आपोआप मिळेल आणि बाकीच्यांना कोणी विचारणारही नाही. नेटवर्कची विषमता अशी प्रमाणपत्रावर उमटते, आणि एकदा उमटली की ती गुणवत्तेतला फरक म्हणून वाचली जाते.

म्हणून अशा तुकड्यांसाठी हाताने बॅज देण्याची सोय वापरली पाहिजे. मूडलमध्ये ‘ठरावीक भूमिकेतील व्यक्तीने हाताने देणे’ हा निकष आहे. शिक्षकाने जुन्या उत्तरपत्रिका, फोटो, ईमेल पाहावेत. विद्यार्थ्याला आपला पुरावा मांडायला वेळ द्यावा. आणि मग स्वतःच्या नावावर तो बॅज द्यावा. कोणी दिला ही नोंद राहते, जबाबदारीही राहते. यात वशिल्याचा धोका आहे, हे मान्य. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या एका शिक्षकाची संमती घ्यावी आणि यादी विभागात उघड लावावी. विद्यापीठाच्या परीक्षेतले पुनर्मूल्यांकन आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. माणसाने तपासून निर्णय देण्याची आपल्याला सवय आहे.

तारखेकडे वळतो. मूडल बॅज देते तेव्हा दिल्याची तारीख म्हणून त्या दिवसाची तारीख घालते. विद्यार्थिनीने काम २०२२ मध्ये केले आणि बॅज २०२५ मध्ये मिळाला, तर बॅजवर २०२५ असते. एखाद्या कंपनीतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने तो पाहिला, तर ही मुलगी हे कौशल्य यंदा शिकली असे तो समजेल. ज्या विषयात तंत्र झपाट्याने बदलते, तिथे हा समज दिशाभूल करणारा आहे. आणि जिथे अनुभवाची वर्षे मोजली जातात, तिथे त्या मुलीचे नुकसान आहे. काही प्रशासक यावर थेट डेटाबेसमध्ये शिरून तारीख मागची करतात. हे करू नये. दिल्याची तारीख ही संस्थेच्या कृतीची तारीख आहे, आणि ती कृती आजच झाली आहे. योग्य मार्ग असा, की बॅजच्या वर्णनात आणि निकषांत काम केव्हाचे ते स्पष्ट लिहावे: ‘शैक्षणिक वर्ष २०२१-२२ मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमासाठी’. दर तुकडीसाठी बॅजची एक प्रत काढावी लागेल, एवढेच जादा काम.

मुदतीचेही तसेच. ‘दिल्यापासून दोन वर्षे वैध’ अशी मुदत घातलेला बॅज मागून दिला, तर तीन वर्षांपूर्वीच्या शिक्षणाला आजपासून पुढची दोन वर्षे ताजेपणाचे प्रमाणपत्र मिळते. प्रथमोपचार, प्रयोगशाळेतली सुरक्षितता, सायबर सुरक्षा अशा विषयांत हे धोक्याचे आहे. तिथे मागून बॅज देताना ठरावीक तारखेची मुदत घालावी, किंवा छोटी उजळणी चाचणी घेऊन मगच द्यावा.

एक शंका मानसशास्त्राची. बक्षिसाची आस लावली की मूल शिकण्यासाठी शिकत नाही, बक्षिसासाठी शिकते, असे आपल्याकडचे जुने शिक्षक सांगत आले. या म्हणण्याला १९७३ च्या एका प्रयोगाने आधार दिला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रे काढायची मनापासून आवड असलेली ५१ मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले: चित्र काढलेत तर सोनेरी ठसा आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही, पण चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळे सोडून पाहिले. पहिल्या गटातली मुले मोकळ्या वेळातला जेमतेम ९ टक्के वेळ रंगीत पेनांशी रमली. काही न मिळालेली १७ टक्के. आणि ज्यांना न सांगता मागून मिळाले होते ती १८ टक्के.

या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग सगळे सांगतात: बक्षिसाच्या आमिषाने आवड मरते. आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो दुसरा अर्धा भाग. जे प्रशस्तिपत्र आधी कबूल केलेले नव्हते, त्याने आवडीला धक्का लागला नाही. पूर्वलक्षी बॅज हा नेमका या दुसऱ्या प्रकारातला. त्या विद्यार्थ्याने बॅज डोळ्यांपुढे ठेवून काम केलेलेच नव्हते. बॅज तेव्हा अस्तित्वातच नव्हता. म्हणून माझे मत असे झाले आहे, की मागून दिलेला बॅज हा अपवाद म्हणून खपवून घ्यायचा प्रकार नाही; बॅजचे सर्वांत निरोगी रूप तेच आहे. आधी लावलेल्या बॅजचे काय होते तेही २०१३ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या चार संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लो या संगणकतज्ज्ञांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मोजून दाखवले. बॅजची रेषा जवळ येते तशी माणसे नेमके तेच काम भराभर करतात, आणि बॅज हाती पडला की ते काम उतरते.

पॉइंट्सची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि या दोहोंना एकाच नियमाने हाकू नये असा माझा आग्रह आहे. बॅज एकट्याचा असतो. तुम्हाला मिळाल्याने माझा कमी होत नाही. पॉइंट्सची क्रमवारी लागते. कोणाला मागून शंभर पॉइंट दिले की दुसरा कोणी खाली सरकतो, आणि त्याने तर काही चूक केलेली नसते. स्टॅक ओव्हरफ्लोनेच हे केले आहे. चांगल्या प्रश्नाला मिळणाऱ्या मताचे गुण त्यांनी २०१० मध्ये १० वरून ५ केले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते पुन्हा १० केले, आणि या वेळी जुन्या सगळ्या प्रश्नांना पूर्वलक्षी प्रभावाने लावले. रात्रीत अनेकांच्या खात्यावर भर पडली. त्यामागची भूमिका मला पटते, प्रश्न विचारणाऱ्याचे श्रम दुय्यम नाहीत ही. पण ज्यांनी उत्तरे लिहून लिहून आपले स्थान मिळवले होते, त्यांचे स्थान त्यांच्या पाठीमागे बदलले गेले, हेही खरे.

मूडलमध्ये तांत्रिक अडचणही आहे. ‘लेव्हल अप एक्सपी’सारखी पॉइंट्स देणारी जोडसाधने विद्यार्थी काही करतो त्या क्षणी गुण मोजतात, साधन बसवण्याआधीचे वर्ष ती आपोआप धरत नाहीत. मग कोणीतरी जुन्या लॉगवरून हिशेब करून पॉइंट्स भरतो, आणि अर्धवट लॉगमधून अर्धवट न्याय होतो. माझा सल्ला स्पष्ट आहे. चालू सत्राच्या क्रमवारीत मागचे पॉइंट्स कधीही घालू नका. जुन्या कामाचा मान द्यायचा तो बॅजने द्या. पॉइंट्सचे दर बदलायचे असतील तर नव्या सत्रापासून बदला आणि क्रमवारी शून्यापासून सुरू करा. शासनानेही मोठ्या पातळीवर हाच मार्ग धरलेला दिसतो: विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले, तेव्हा २०२१-२२ आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांचेच क्रेडिट ग्राह्य धरायचे ठरवले. जे त्याआधी शिकले त्यांची यात निराशा झाली असेल. तरी जिथे क्रेडिटचे पुढे पदवीत रूपांतर होते, तिथे मागची दारे बंद ठेवणे मला समजते.

एकदा दिलेले परत घेण्याविषयी थोडेच सांगतो. निकष चुकले आणि बॅज पन्नास अपात्र जणांना गेला, तर तो गुपचूप काढून घेऊ नये. बॅज मिळाल्यावर निकषांना कुलूप लावण्याची मूडलची पद्धत मला योग्य वाटते, कारण बॅज हा दोन पक्षांतला शब्द आहे आणि एकाने तो मागून बदलू नये. चूक झाली तर तो बॅज बंद करावा, सुधारलेली प्रत नव्या नावाने काढावी आणि दोन्हींची हकिकत वर्णनात लिहावी.

आणि जुन्या तुकडीसाठी ‘माजी’, ‘मानद’ अशी वेगळी, फिकट आवृत्ती काढण्याचा मोह टाळावा. काम तेच असेल तर बॅजही तोच, तेच चित्र, तेच नाव. फरक फक्त वर्णनातल्या सालाचा.

ईमेलचीही काळजी घ्यायला हवी. मूडल आपोआप जो निरोप पाठवते, तो तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या माणसाला अचानक आला तर बहुतेक वेळा फसवणुकीचा समजून पुसून टाकला जातो. शक्य असेल तर आपोआप निरोप बंद ठेवावेत आणि विभागप्रमुखांच्या सहीचे साधे मराठी पत्र आधी जावे: तुम्ही अमुक साली हे काम पूर्ण केले होते, तेव्हा आमच्याकडे बॅजची सोय नव्हती, आता आहे, तो तुमचा आहे. अशा पत्राला येणारी उत्तरे वाचलेल्या शिक्षकाला मागून मान का द्यावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्या प्रकरणांत बॅजचे निकष कसे घालावेत, साइट आणि कोर्स यांतला फरक कसा सांभाळावा, गुणपत्रक कसे उतरवून घ्यावे, हाताने देण्याची पद्धत काय, हे सगळे पडद्यावरच्या चित्रांसह दिले आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की ती प्रकरणे उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या महाविद्यालयाच्या मूडल प्रशासकाला आजच फोन करून विचारा, की येत्या जूनमध्ये कोणते कोर्स रिसेट होणार आहेत आणि लॉग किती दिवस ठेवले जातात. रिसेट होणार असतील तर थांबवा, प्रत काढायला सांगा, आणि मागच्या तुकड्यांचे गुणपत्रक व पूर्णत्वाचा अहवाल उतरवून विभागाच्या कपाटात आणि संगणकावर, दोन्हीकडे ठेवा.